दारावरची पाटी

केजला नाताळ येतो तो ऊसतोडीच्या ऐन हंगामात. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन बाहेर पडलेली कुटुंबे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' अशी तेथे त्यांची गणना होते. त्यामुळे आमच्या लहानशा धर्मग्रामात नाताळच्या मिस्साबलीला म्हातारीकोतारी, लहान मुले आणि शहरांतून सुट्टीवर आलेले तरुण एवढेच काय ते दिसतात.

गेल्या नाताळात मिस्साबलीनंतर पडवीत चहा चालला असता अशाच दोन तरुणांत वाद जुंपला. दोघे सख्खी भावंडे. बहीण पुण्याला हिंजवडीच्या एका कंपनीत, भाऊ मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारक. वादाचा विषय असा की मुंबई अधिक 'कॉस्मोपॉलिटन' की पुणे? शेवटी निवाड्याची पाळी माझ्यावर आली. "फादर, तुम्ही दोन्हीकडे राहिलात. तुम्हीच सांगा."

मुंबईकर आणि पुणेकर हा विषय पु. ल. देशपांडे यांनी असा काही रंगवून ठेवला आहे की त्यावर बोलू लागले की माणूस आधी हसतो. मीही हसलो. पण त्या दोघांना निकाल हवा होता, म्हणून मी प्रामाणिकपणे आठवू लागलो.

पुण्यात मी नव्वदच्या दशकात गुरुपदाचे शिक्षण घेतले. नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतील कँडीहून पुण्यास आली, तेव्हापासून तो परिसर साऱ्या भारताचे एक लहान रूपच झाला आहे. माझ्या बाकावर एका बाजूला केरळचा मुलगा, दुसऱ्या बाजूला छोटानागपूरचा आदिवासी. मराठवाड्याच्या खेड्यातून आलेल्या मला 'देश' या शब्दाचा अर्थ तेथे प्रथम कळला. सुट्टीच्या दिवशी सायकलवरून क्वार्टर गेटला जावे, तर १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात मिळालेल्या जागेवरचे सिटी चर्च दिसे. थोडे पुढे कॅम्पाकडे वळावे, तर डेव्हिड ससून यांनी बांधविलेले, १८६७ साली पूर्ण झालेले यहुद्यांचे लाल देऊळ. इराणी हॉटेलात आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी मोडक्या मराठीत बनमस्का मागत. विद्येचे निमित्त असले की पुणे कोणालाही दार उघडते, हा माझा अनुभव आहे.

परंतु याच पुण्यात १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये काय घडले, हेही विसरता येत नाही. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे हेही त्या मेळाव्यात होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्याला हात लावला. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि साऱ्या शहरात वादळ उठले. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. एका पेल्या चहासाठी एवढे! आणि ज्या पुण्यात हे घडले, त्याच पुण्यात बेचाळीस वर्षे आधी, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. पुणे हे असे आहे. कोठल्याही एका बाजूने त्याचे माप घेता येत नाही.

पुढे सेवाकार्याच्या निमित्ताने दोन वर्षे मुंबईच्या उपनगरात काढली. मुंबईत पहिल्याच आठवड्यात सुटणाऱ्या लोकलमागे धावताना दारातल्या कोण्या अनोळखी माणसाने हात देऊन मला आत ओढून घेतले. माझे नाव, गाव काहीही त्याने विचारले नाही. तिघांच्या बाकावर सरकून चौथ्याला जागा देण्याची मुंबईची ती रीत मला फार आवडे. बुधवारी माहीमच्या संत मायकलच्या चर्चमध्ये नोव्हेनाला उभे राहावे, तर आजूबाजूला मेणबत्त्या घेतलेले निम्मे लोक इतर धर्मांचे असत. काळा घोड्याजवळचे निळे सिनेगॉग, पारशांच्या अग्याऱ्या, माहीमचा दर्गा ही सारी एकमेकांच्या हाकेच्या नाही, तरी लोकलच्या अंतरावर.

पण लोकलमधून उतरल्यावर मुंबईकर घरी कोठे जातो? पारशी बागेत, कोकणच्या गावकीच्या खोलीत, धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडात किंवा आपल्याच कॅथलिक वसाहतीत. परक्या शहरात आलेल्या माणसाला आपल्या माणसांचा आसरा लागतो, त्यात वावगे काही नाही. मात्र आसऱ्याची भिंत केव्हा कुंपण होते, ते आत राहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत याच मुंबईत लोकांनी भीतीने दारावरच्या नावाच्या पाट्या उतरवून ठेवल्या. चौथ्याला जागा देणाऱ्या शहरात आडनाव हीच जीवावर बेतणारी गोष्ट ठरली.

असे दोन्ही बाजूंचे बोलत मी निवाडा लांबवीत होतो. तेवढ्यात त्या मुलांची आई रिकामे पेले गोळा करता करता थांबली. बारा-पंधरा हंगाम कोप्यांत राहून कोयता चालविलेली ती माउली. म्हणाली, "ते सगळं ऱ्हाऊ द्या, फादर. खोली देताना आडनाव न इचारनारं गाव यातलं कोनतं, तेवढं सांगा."

मघापर्यंत भांडणारी भावंडे गप्प झाली. मग बहिणीने सांगितले की पुण्यात एका घरमालकाने दूरध्वनीवर "आजच या" म्हटले होते. नाव ख्रिस्ती आणि आडनाव मराठवाड्यातले, हे ऐकल्यावर ती खोली "कालच गेली" असे निघाले. भावाला मुंबईत आधी आहार विचारला गेला, मग धर्म, आणि ज्या इमारतीत त्याचे तीन सहकारी राहतात तेथे त्याला जागा नव्हती. तो आता दीड तासाच्या अंतरावरून कामावर जातो. दोघांनीही हे घरी कधी सांगितले नव्हते.

मला दुसरीच एक गोष्ट आठवत होती. अर्ध्या तासापूर्वीच्या प्रवचनात मी बेथलेहेममध्ये त्या दांपत्याला जागा मिळाली नाही, याविषयी कळवळून बोललो होतो. आणि त्याच पावसाळ्यात बिहारकडचा एक गवंडी बायको-मुलांसह आमच्या आवारातली रिकामी खोली भाड्याने मागावयास आला होता. मी काय विचारले? नाव. मग गाव. मग कोणत्या समाजाचे. आणि "पाहू, कळवतो" म्हणालो. कळविले नाही. तो पुन्हा आला नाही. मी काही वाईट बोललो नव्हतो, म्हणून ती गोष्ट पाप म्हणून माझ्या ध्यानातही राहिली नव्हती.

२०२५ साली आपल्या बीड जिल्ह्याच्या पोलीस दलाने जातीय तेढीचा विचार करून छातीवरच्या नामपट्टीतून आडनाव काढले आणि नुसते नाव ठेवले. मुंबईत पाट्या उतरल्या त्या भीतीने, येथे आडनाव उतरले ते विचाराने. एवढ्याने जात जाईल असे मला वाटत नाही. परंतु ज्या जिल्ह्याला सारे मागास म्हणतात, त्याने आपला आजार कोठे आहे हे ओळखले, ही गोष्ट मला दोन्ही महानगरांना सांगावीशी वाटते.

त्या दिवशी मी निवाडा दिला नाही. शहराची सर्वसमावेशकता तेथे किती भाषा कानांवर पडतात आणि किती प्रकारची हॉटेले आहेत यावरून मोजण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती मोजावयाची ती संध्याकाळी, बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्या माणसाला दारात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावरून. त्या परीक्षेत मुंबई अर्धी उतरते, पुणे अर्धे उतरते, आणि केजच्या आवारातला हा धर्मगुरू तर एकदा सपशेल नापास झाला आहे.

नाताळानंतरच्या आठवड्यात मी त्या गवंड्याचा शोध घेतला. तो कुटुंबासह लातूरकडे गेल्याचे कळले. खोली मी झाडून घेतली आहे. वाचकहो, पुढच्या वेळी दार वाजेल तेव्हा "आधी आत या, चहा घ्या" एवढेच प्रथम तोंडातून निघावे, यासाठी मी स्वतःला शिकवीत आहे. या वयात शिकणे थोडे कठीण जाते.