विदर्भाचा जांवई

फेब्रुवारीच्या मध्यास रात्रीं नऊच्या सुमारास नागपुरांत दक्षिणेकडे तोंड करून उभें राहावें. व्याध सहज सांपडतो. त्याजवरून नजर खालीं उतरविली कीं क्षितिजापासून दीड मुठीच्या उंचीवर, लांब केलेल्या हाताच्या मुठीनें मोजून, अगस्त्य दिसावा. तेजांत व्याधाच्या खालोखाल त्याचाच क्रम. महाभारतांत त्याची पत्नी लोपामुद्रा विदर्भराजाची कन्या म्हटली आहे. तेव्हां हा ऋषि आम्हां नागपूरकरांचा जांवईच. दिल्लीकरांस तो जेमतेम नऊ अंशांवर भेटतो, आम्हांस सोळांवर. सासुरवाडीस एवढा मान हवाच! आज दिसणारा त्याचा प्रकाश सुमारें 310 वर्षांपूर्वीं निघाला, तेव्हां बख्तबुलंदानें वसविलेलें हें नगर नवेंच होतें.

आमची आकाश पाहणारी मंडळी लहान आहे: तीन प्राध्यापक, दहाबारा विद्यार्थी आणि एक जुनी दुर्बीण. गेल्या आठवड्यांत अष्टमीच्या चंद्रावरील विवरांच्या लांब सावल्या पाहिल्या, मृगांतील तेजोमेघ पाहिला. राहिला तो अगस्त्य. गांधीसागरासमोरील रमण विज्ञान केंद्रांत 1997 पासून तारामंडल आहे, व नक्षत्रांची ओळख करून घेण्यास त्यासारखें स्थळ नाहीं. परंतु घुमटांतल्या ताऱ्यास धूळ लागत नाहीं. खऱ्या अगस्त्याचा प्रकाश डोक्यावरील ताऱ्याच्या मानानें साडेतीन पट हवेंतून येतो, आणि त्या हवेंत शहराचा सगळा उजेड मिसळलेला असतो.

आमच्या गच्चीच्या दक्षिणेस लग्नाचें एक लॉन आहे. तेथील विजेचे झोत ढगांना शोधीत फिरत होते. आम्हीं एका विद्यार्थ्यास व्यवस्थापकाकडे पाठविलें. अर्धा तास झोत बंद ठेवावे एवढीच विनंति. उत्तर आलें, "सरांना सांगा, आत्ताच तर नवरदेव येऊन राहिला, लाइट कसा बंद करू?" बिचाऱ्याचें खरेंच होतें. एका जांवयाच्या स्वागतांत दुसरा दिसेनासा झाला, इतकेंच.

दुसऱ्या रात्रीं आम्ही उमरेडच्या वाटेनें बरेंच पुढें गेलों. पाठीमागें नागपूरच्या उजेडानें उत्तर दिशा पांढुरकी झाली होती व ध्रुव मोठ्या कष्टानें हुडकावा लागला. समोर मात्र शेतांवर अंधार होता. तुरीच्या धसकटांवर अगस्त्य लुकलुकत होता, क्षणांत तांबूस, क्षणांत निळसर. 1964 सालीं निघालेल्या मरिनर 4 या यानानें मंगळाकडे जातांना याच ताऱ्यावर नजर ठेवून आपली दिशा सांभाळली, हें एका विद्यार्थिनीस ठाऊक होतें; 'कॅनोपस' हें नांवही. तारा मात्र ती प्रथमच पाहत होती. हाच कां तो, असें तिनें दोनदां विचारलें, आणि मग बराच वेळ कांहीं विचारलें नाहीं.

येत्या शनिवारीं पुनः जाणार आहों. मोटारींत दोन जागा रिकाम्या आहेत. येणारांनीं शाल आणावी व विजेरीच्या कांचेवर तांबडा कागद चिकटवावा.