मी बघतो... सॉरी, बघते!

मराठी क्रियापद जाम चुगलखोर असतं. इंग्रजीत ‘आय विल चेक’ म्हटलं की विषय संपला. मराठीत ‘बघतो’ की ‘बघते’ हे सांगितल्याशिवाय सुटका नाही.

हे माझ्या लक्षात आलं एका ऑनलाइन कोशात फुकटात संपादन करताना. रात्री डेडलाइन उरकली की दोन-चार लेख सुधारायचे, हा माझा टाइमपास. सदस्यनाव म्हणून नुसतं आडनाव घेतलं होतं, त्यामुळे सगळे ‘सर’ म्हणायचे. मीही ‘बदल केला आहे’, ‘संदर्भ जोडला आहे’ असलं सरकारी मराठी लिहून वेळ मारून न्यायचे. तब्बल सहा महिने! मग एका वादात घाईघाईत ‘संध्याकाळी बघते’ लिहून बसले. लगेच उत्तर आलं, ‘मॅडम, आधी नियम वाचा.’ मुद्दा तोच, पुरावे तेच, फक्त सरांची मॅडम झाली होती.

अशा ठिकाणी बायका कमी का, हे मग कुणाला विचारावं लागलं नाही. विकिपीडियावर लिहिणाऱ्यांची एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात बायका निघाल्या जेमतेम १३ टक्के. कॅनडाच्या डोना स्ट्रिकलँड यांच्यावरचा लेख इंग्रजी विकिपीडियानं २०१८च्या मे महिन्यात नाकारला. कारण? पुरेसे संदर्भ नाहीत. ऑक्टोबरात बाईंना फिजिक्सचं नोबेल!

हा किस्सा मी मैत्रिणींना तावातावानं सांगायचे. पण खरं सांगू? तो लेख नाकारणारा संपादक कुणी राक्षस नसावा. नियम बघितला, तयार शेरा चिकटवला, पुढच्या लेखाकडे वळला, एवढंच झालं असणार. हे मी सांगू शकते, कारण मीही तेच केलंय.

गेल्या पावसाळ्यात एका नव्या मुलीनं तिच्या गावातल्या सुईणीवर लेख लिहिला. संदर्भ शून्य. मी ‘कृपया’सकट ‘संदर्भ नाहीत, वगळावा’ असा शेरा लावला आणि झोपले. विकिमीडियानं २०२१ मध्ये जाहीर केलेल्या आचारसंहितेत शिव्या देऊ नका इतकंच नाहीये, नवख्यांना हात द्या असंही आहे. ती मी वाचलेली होती, बरं का.

सकाळी तिचा निरोप होता, ‘ताई, त्यांच्याबद्दल पेपरात कधी काही आलंच नाही. संदर्भ कुठून आणू?’

उत्तर तीनदा लिहून खोडलं. शेवटी दुपारी पाठवलं, ‘मी शोधते, आपण मिळून बघू.’ तोवर लेख वगळला गेला होता. तिच्या खात्यावरून त्यानंतर एकही ओळ आलेली नाही.