शेर कुणाचा, गाणं कुणाचं

आमच्या घरी एक नियम होता. शेर म्हणायचा तर आधी शायराचं नाव घ्यायचं. नाव ठाऊक नसेल तर गप्प बसायचं. अब्बा याबाबतीत फार कडक.

कॉलेजात मला मेटॅलिकाचं वेड लागलं. 'स्टोन कोल्ड क्रेझी' तर तोंडपाठ झालं होतं. एकदा अब्बांनी दारात उभं राहून विचारलं, "हे बोंबलणं कुणाचं?" मी ऐटीत म्हणालो, "मेटॅलिकाचं." उत्तर चुकलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गाणं क्वीनचं, १९७४ सालातलं. १९९० मध्ये एलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीला चाळीस वर्षं झाली, तेव्हा तिच्या नव्या कलाकारांनी तिच्याच जुन्या कलाकारांची गाणी गायची असं ठरलं. क्वीनच्या तबकड्या अमेरिकेत एलेक्ट्राच काढायची. मेटॅलिकाच्या वाट्याला हे गाणं आलं आणि १९९१ मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं. त्या संग्रहाचं नाव होतं 'रुबाईयात'.

चूक माझी होती, मेटॅलिकाची नव्हे. दुसऱ्यांची गाणी तबकडीवर घेताना त्यांनी ती लपवली नाहीत. त्यांचा ड्रमवादक लार्स उलरिक पोरवयात डायमंड हेड या बँडला भेटायला थेट इंग्लंडला गेला होता. पुढे १९८४ मध्ये त्यांचं 'ॲम आय ईव्हिल?' मेटॅलिकाने गायलं, आणि डायमंड हेडचं नाव त्यांच्यामुळेच जगभर गेलं. १९८७ मध्ये तर त्यांनी पाच परक्या गाण्यांची तबकडी काढली आणि १९९८ मध्ये अशा गाण्यांचा 'गॅरेज इंक.' हा दोन डिस्कचा संच. त्यात 'स्टोन कोल्ड क्रेझी'ही आहे. कुणाकडून काय घेतलं, याचा हा उघड हिशेबच.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, फारुख बलसारा. तो शिकला आपल्या पाचगणीत. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो गेला. २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानात त्याच्यासाठी मैफल झाली. मेटॅलिकाने आधी आपली गाणी वाजवली. नंतर त्यांचा गायक जेम्स हेटफील्ड एकटाच पाहुणा म्हणून क्वीनच्या उरलेल्या तिघांबरोबर उभा राहिला आणि हेच गाणं गायला. साथीला गिटारवर ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी. ज्यांचं गाणं घेतलं होतं, ते त्यांच्यासमोर, त्यांच्याच मित्रासाठी गायचं! ती चित्रफीत मी अजूनही उभा राहून बघतो.

हे सगळं एकदा अब्बांना सांगितलं. तेव्हा ते थकले होते. 'रुबाईयात' ऐकून हसले. "यात खय्याम कुठे आहे रे?" मग जरा वेळाने म्हणाले, "पाचगणीचा पोरगा. आणि तू त्याचं नाव घेतलं नाहीस."

मी मान खाली घातली. अब्बा आता नाहीत. गाणं लावण्याआधी मी नाव घेतो, खोलीत कुणी नसलं तरी.