गळाची दोरी आणि पहिलीची पाटी



मुख्याध्यापकाने शाळेच्या अंकात अभ्यास, शिस्त आणि निकाल यांवर लिहावे अशी अपेक्षा असते. या वेळी मात्र आम्ही मासे धरण्याच्या दोरीविषयी लिहिणार आहोत. या विषयात आमच्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत आमच्या एका विद्यार्थ्याने मोजली.

निपाणी भागातील मुलांना गळ नवा नाही. वेदगंगेच्या काठी कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावून बसलेली मुले रविवारी हमखास दिसतात. आम्हालाही हा नाद आहे. दहावीतील एका मुलाला गोव्याच्या मामांनी बेटकास्टिंग रील आणून दिली. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, ह्याला दोरी कसली घालायची?"

ही रील आम्ही कधी हाताळली नव्हती. पण 'माहीत नाही' म्हणणे जिवावर आले. आम्ही ऐटीत सांगितले, "सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत मजबूत असेल ती घे." पोराने सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून महागाची, बारीक तंतूंच्या वेणीसारखी विणलेली दोरी आणली.

पुढच्या रविवारी नदीवर पहिल्याच फेकीला रीलवर दोरीचे घरटे झाले. गुंता कसाबसा सोडवून त्याने पुन्हा फेकली. आता दोरी आतल्या वेढ्यांत रुतून बसली. ती सोडवायला त्याने बोटाभोवती गुंडाळून हिसका दिला आणि उजव्या हाताची तर्जनी खोलवर चिरली. सहामाही परीक्षा चार दिवसांवर आली होती. आम्ही त्याला घरी घेऊन गेलो, तेव्हा त्याच्या आईने आम्हाला दोष दिला नाही. एवढेच विचारले, "सर, पेपर लिहिता येईल न्हवं त्याला?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

नदीकाठचे एक आजोबा त्या दिवशी सारे पाहत होते. ते म्हणाले, "सर, पोरास्नी तंगूस द्यावा. बारीक दोरी जाणत्या हाताची." आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. 'डोर' आणि 'बंसी' आम्हाला ठाऊक, पण 'तंगूस' हा शब्द इकडे आल्यावर कानावर पडला आणि गावठी समजून आम्ही तो कधी मनावर घेतला नव्हता. तंगूस म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत वॉलेस करॉदर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली नायलॉन तयार केले. त्याआधी रेशीम, ताग-कापसासारखे धागे आणि घोड्याचे केस यांवर मासेमारी चाले.

मग आम्ही विद्यार्थ्यासारखे शिकायला बसलो. बेटकास्टिंग रीलमध्ये दोरी ओढली जाते तसे तिचे स्पूल स्वतः फिरते. विहिरीत सोडलेली कळशी पाण्याला टेकली तरी रहाट थोडा फिरतच राहतो आणि दोर सैल पडतो, तसेच येथे होते. वजन पाण्यात पडून थांबते, स्पूल थांबत नाही आणि सुटलेल्या दोरीचा गुंता होतो. अंगठ्याने स्पूल वेळेवर दाबणे हे या रीलचे खरे कसब आहे. ते हाताला येईपर्यंत गुंता होणारच. म्हणून गुंता सोडवता येईल अशी दोरी नवख्याला हवी.

तंगूस जाड आणि गुळगुळीत असतो. त्याचे वेढे बोटांनी मोकळे करता येतात, तो थोडा ताणला जातो, म्हणून माशाचा अचानक हिसकाही सोसतो, आणि तो स्वस्त असल्याने खराब झालेला भाग कापून टाकताना जीव हळहळत नाही. विणलेली दोरी तेवढ्याच ताकदीला जवळजवळ निम्म्या जाडीची असते, म्हणूनच ती वेढ्यांत रुतते आणि बोट कापते. फ्लुरोकार्बनची दोरी ताठ आणि महाग असते. तीही नवख्याला नको.

आपल्याकडे रोहू, कटला, मरळ यांसाठी शिकाऊ हाताने १२ ते १४ पौंडांचा, म्हणजे साडेपाच-सहा किलो ताण सोसणारा तंगूस घ्यावा. स्पूल काठोकाठ भरू नये, कडेपासून तीन-चार मिलिमीटर जागा सोडावी. दोरी भरताना दोन बोटांत धरून थोडा ताण ठेवावा. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, कारण कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच दोरी कमजोर होते. नायलॉन उन्हानेही कमजोर होते, म्हणून रील उन्हात ठेवू नये. आणि तुटलेला तुकडा नदीकाठी टाकू नये. पक्ष्यांच्या पायांत तो अडकतो. पतंगाच्या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, ती याच प्रकारच्या इजांमुळे.

आमच्या मुलाने बोटाला पट्टी बांधून परीक्षा दिली. दोन पेपरांत शेवटचा प्रश्न राहिला. ते गुण त्याचे नव्हे, आमचे गेले. आम्ही त्याच्या घरी जाऊन त्याची आणि आईवडिलांची क्षमा मागितली. जखम भरल्यावर रीलवर तंगूस चढवला. आता शाळा सुटल्यावर तो मैदानावर गळ न लावता नुसते पंधरा ग्रॅमचे वजन फेकतो. गुंता होतो, तो खाली बसून सोडवतो आणि पुन्हा फेकतो.

पहिलीच्या मुलाच्या हाती आपण आधी पाटी देतो, कारण पाटीवरची चूक पुसता येते. ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे पालकांना सांगत आलो आणि वेळ आली तेव्हा स्वतःच विसरलो. पालकहो, मुलासाठी सगळ्यांत भारी वस्तू किंवा सगळ्यांत अवघड पुस्तक निवडताना, त्यात चुकायला किती जागा आहे हेही पाहावे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला ठाऊक नसेल, तर यापुढे आम्ही तसे स्पष्ट सांगू.

आपले,
मुख्याध्यापक