मेजावरचा डाग

मराठीत आपण ज्याला 'संशोधन' म्हणतो त्या शब्दाचा धातू 'शुध्' आहे. म्हणजे संशोधन करणे हे मुळात स्वच्छ करणे. एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सेची ओळख करून देताना हे वाक्य मी पंचवीस वर्षे उच्चारीत आलो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे उदाहरणही त्यापाठोपाठ ठरलेले. मात्र स्वच्छ करणे ही क्रिया प्रत्यक्ष हातांनी करण्याचा प्रसंग माझ्यावर निवृत्तीनंतर आला, आणि तोही एका सागवानी टेबलाच्या निमित्ताने.

टेबल वडिलांचे. ते राजापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक होते. घरच्याच सागाच्या लाकडातून गावच्या सुताराने ते घडवले. दोन खण, पितळी कड्या, भरीव पाय, वर एकसंध वाटावी अशी तीन फळ्यांची जोडणी. या फळीच्या उजव्या अंगाला एक काळा डाग आहे. अण्णा रात्री कंदिलाच्या उजेडात वह्या तपासत, एके रात्री निळ्या-काळ्या शाईची दौत लवंडली आणि लाकडाने ती शाई पिऊन टाकली, अशी आमच्या घरातली कथा. ती कुणी प्रथम सांगितली ते आठवत नाही. दहाएक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात याच डागावर मी एक ललित लेख लिहिला होता. त्यात लाकूड, शाई आणि शिक्षक यांच्या एकजीव होण्याविषयी बरेच काही होते. लेखाचे कौतुक झाले, आणि एकदोन विद्यार्थ्यांनी तर त्यातली वाक्ये पाठही केली.

गावचे घर बंद केल्यावर आई आणि तिच्यापाठोपाठ टेबल पुण्यास आले. जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथून ते ७०० मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या शहरात आले, याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. लाकूड तोडल्यावरही हवेशी देवाणघेवाण करीतच राहते. दमट हवेत ते ओल घेऊन रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, कोरड्या हवेत आकसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. गावी आषाढात जे खण दोन्ही हातांनी ओढावे लागत ते पुण्याच्या उन्हाळ्यात खुळखुळू लागले, आणि दोन फळ्यांच्या सांध्यात केसाएवढी फट दिसू लागली. लाकूड 'सुकले' आहे, त्याला तेल हवे, असे मी ठरवून टाकले.

त्या काळात घरी रसायने आणायची नाहीत असा नियम सुनेने केला होता आणि तो मला मनापासून मान्य होता. महाजालावर नैसर्गिक पॉलिशच्या कृतींना तोटा नाही. तेल आणि लिंबू, तेल आणि व्हिनेगर, अशी त्यांची सर्वसाधारण घडण. मी खोबरेल तेलात लिंबाचा रस घालून टेबलाला सढळ हाताने चोपडले. संध्याकाळी ते असे झळाळले की आईलाही बोलावून दाखवले. तिने बोटाने स्पर्श केला, बोट पदराला पुसले आणि काही न बोलता ती आत गेली.

तिच्या त्या मौनाचा अर्थ डिसेंबरात कळला. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते. एका थंड सकाळी टेबलाच्या रेषारेषांत पांढरट साय धरलेली दिसली. दिवस वर आला तशी ती वितळली, पण तोवर तेलात महिन्याभराची धूळ बसून काळपट चिकटा झाला होता. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्याचा पापुद्रा बनतो. खोबरेल कधीच वाळत नाही. ते ओले राहते, धूळ धरते आणि कालांतराने खवट होते. लिंबातल्या आम्लाने जुन्या पॉलिशची चकाकीही जागोजागी उतरवली होती. नैसर्गिक आणि निरुपद्रवी या दोन शब्दांना समानार्थी मानण्याची चूक मी, शब्दांचा व्यवसाय करणाऱ्याने, केली होती.

मग एका पॉलिशवाल्याला बोलावले. तो म्हणाला, "सर, चिंता नको. वरचा थर घासून काढतो, तो काळा डाग ऑक्झॅलिकने उडवतो आणि मेलामाइन मारून देतो. शोरूममधून आणल्यासारखं दिसेल." तो आपल्या कामात निष्णात होता यात शंका नाही. पण ऑक्झॅलिक आम्ल विषारी, आणि मेलामाइनचा लेप वाळताना फॉर्माल्डिहाइड सोडतो, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली कर्ककारक ठरवले. शिवाय डाग उडवायचा ही कल्पनाच मला सहन होईना. तो माझ्या लेखाचा नायक होता!

शेवटी एका वृद्ध मिस्त्रींचे नाव कळले. त्यांनी येताच टेबल उलटे करवून घेतले. तळाशी, कुणाला न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा टेकवला. पॉलिश क्षणात चिकट झाले. "लाख आहे," ते म्हणाले. "आधी अंगावर काय आहे ते बघायचं, मग हात लावायचा." माझ्या वर्गातली पाठचिकित्सेची पहिली पायरी त्यांनी एका वाक्यात सांगितली. लाखेचे पॉलिश स्पिरिटात विरघळते, आजकालचे कृत्रिम लेप सहसा दाद देत नाहीत. म्हणून ही परीक्षा. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारा एक बारीक कीटक ही लाख निर्माण करतो. महाभारतातल्या लाक्षागृहाची लाक्षा ती हीच.

"तेल पाजायचं तर उघड्या लाकडाला. लाखेवर घातलंत, ते आत जाणार कुठून?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढचे तीन दिवस मी त्यांच्या हाताखाली काम केले. रिठे भिजवून त्याचा नुसता फेस घ्यायचा, पाणी नाही. सुती फडके त्यात बुडवून घट्ट पिळायचे, वीतभर जागा रेषांच्या दिशेने पुसायची आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायची. मगच पुढची वीत. फडके काळे झाले की बदलायचे. लाखेवर पाणी साचले तर पांढरे डाग पडतात, म्हणून ही घाई. जिथे चिकटा हटेना तिथे टर्पेंटाइनचा हलका हात, कारण त्याने तेल सुटते पण लाख विरघळत नाही. टर्पेंटाइन हे चीड वृक्षाच्या राळेपासून निघत असले तरी त्याची वाफ घशाला झोंबते, तेव्हा खिडक्या सताड उघड्या.

नंतर मधमाश्यांचे मेण. ते थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात भांडे ठेवून वितळवायचे, शेगडीपासून दूर नेऊन मगच त्यात टर्पेंटाइन मिसळायचे, कारण ते पेट घेते. थंड झाल्यावर लोण्यासारखे मलम होते. त्याचा अगदी पातळ हात द्यायचा, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने घासून चकाकी आणायची. वर्षातून एकदोनदा पुरे. खणांच्या घसरपट्ट्यांवर मेणबत्ती फिरवायची. फटीत काहीही भरायचे नाही. पावसाळ्यात ती आपोआप मिटेल. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून ठेवले तर ते आपल्याच उष्णतेने पेटू शकतात, ते पसरून वाळवावेत, ही सूचना माझ्या टेबलाला लागू नसतानाही त्यांनी दोनदा दिली.

तिसऱ्या दिवशी आम्ही डागापर्यंत पोहोचलो. मिस्त्रींनी विचारले, "याचं काय करायचं?" मी त्यांना शाईची कथा सांगू लागलो. आई खुर्चीवर बसून ऐकत होती. तिला आता नीट दिसत नाही. ती उठली, चाचपत टेबलापाशी आली आणि डागावरून हात फिरवून म्हणाली, "शाई कुठली रे? हे घमेलं आहे."

आम्ही दोघेही तिच्याकडे पाहत राहिलो.

"त्या वर्षी शाकारणी राहिली होती. कौलं फुटलेली. बरोबर इथं गळायचं. यांची पुस्तकं मी माळ्यावर नेऊन ठेवली आणि गळतीखाली लोखंडी घमेलं. पंधरा दिवस तिथंच होतं. रात्री उठून ओतून यायचे मी."

मी डागाकडे पुन्हा पाहिले. तो एक कंस होता. वर्तुळाचा साधारण चौथा भाग, घमेल्याच्या बुडाएवढा. दौतीतून सांडलेली शाई अशी वळत नाही. साऱ्या आयुष्यात मी तो आकार शेकडो वेळा पाहिला होता आणि एकदाही वाचला नव्हता. मिस्त्री हसले. ओले लोखंड लाकडाला टेकले की लाकूड काळे पडते, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळले होते, "तुम्ही शाई म्हणालात, म्हणून मी गप्प बसलो."

माझ्या चुकीला रसायनशास्त्राचा थोडा आधार आहे. लाकडातील टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो, आणि हिरडा व हिराकस यांपासून केली जाणारी जुनी शाई त्याच संयोगाने काळी होते. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोह. तेव्हा तो डाग एका अर्थी शाईच होता, फक्त ती अण्णांच्या दौतीतून आलेली नव्हती. पण हा बचाव फार पुढे जात नाही. टेबल शिक्षकाचे, म्हणून डाग शाईचा, हे मी आधीच ठरवले होते. लेखकाच्या चरित्रातून संहितेचा अर्थ लावू नये असे वर्गात बजावणारा मी, घरच्या टेबलाच्या बाबतीत अगदी तेच करून बसलो.

आणि चरित्रही अर्धेच. मग मला इतर गोष्टी आठवू लागल्या. रोज सकाळी जुन्या लुगड्याच्या तुकड्याने टेबल कोरडे पुसणारी आईच. दसऱ्याला अण्णा टेबलावर पुस्तके मांडून सरस्वतीपूजन करीत. आदल्या दिवशी पितळी कड्या काढून चिंचेने घासणारी तीच. कड्या काढून, कारण चिंचेचे आम्ल लाकडाला लागू नये, हे तिला ठाऊक होते. माझे खोबरेल तेल पाहून ती गप्प राहिली, तेही तिला ठाऊक होते म्हणूनच. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" असे मी विचारले. ती म्हणाली, "तू विचारलं नाहीस. बोलावलंस ते चमक दाखवायला."

साठ वर्षे टिकलेल्या त्या पृष्ठभागावर अण्णा वीसेक वर्षे लिहीत होते. तो टिकवण्याचे काम मात्र सारा काळ आईने केले. लाकूडसामानाच्या पर्यावरणस्नेही निगेविषयी आज आपण जे नव्याने शिकतो आहोत, म्हणजे कमी पाणी, सुती फडके, मेण, आणि शक्य तितका कमी हस्तक्षेप, ते तिच्या लेखी घरकाम होते. सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो. जुने टेबल वापरात राहिले की तो कार्बन घरातच राहतो आणि नव्या टेबलासाठी झाड पडत नाही. हा हिशेब मी तिला समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला.

डाग आम्ही तसाच ठेवला आहे. मिस्त्रींनी त्यावरून मेणाचा हात दिला, तेव्हा तो थोडा अधिकच गडद झाला. दिवाळी अंकातला तो लेख संग्रहात घ्यावा असे एका प्रकाशकाने सुचवले आहे. घ्यायचा झालाच, तर मूळ मजकुराला हात न लावता त्याखाली शुद्धिपत्र छापावे लागेल: 'शाई' असे जेथे आले आहे, तेथे 'घमेले' असे वाचावे.