डिलीट केलेलं कुठे जातं?

गेले पाच आठवडे मी ऑफिसात एकच काम करतोय : लोकांना पुसून टाकायचं.

ऐकायला भयंकर वाटतं, पण काम रटाळ आहे. आमच्या ॲपमध्ये 'अकाउंट डिलीट करा' असं एक बटण आहे. ते दाबलं की माणूस गेला असं वाटतं. प्रत्यक्षात तो कुठेही जात नाही. डेटाबेसमध्ये त्याच्या नावासमोर फक्त एक खूण पडते, की हा यापुढे दाखवायचा नाही. याला सॉफ्ट डिलीट म्हणतात. जवळपास सगळेच असं करतात, कारण उद्या कुणी तक्रार केली, हिशोब मागितला, तर नोंद हाताशी असलेली बरी. पण २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्यात आपली माहिती खोडून मागण्याचा हक्क आला. तेव्हा आता ते बटण खरं करायचं आहे. प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "किती दिवस?" मी म्हणालो, "तीन."

तीन दिवसांचे पाच आठवडे का झाले? एक माणूस काढायचा तर त्याच्या ऑर्डरी, त्याच्या तक्रारी, त्याने दुसऱ्यांना दिलेली उत्तरं, सगळं त्याला बांधलेलं असतं. नुसता माणूस उचलला तर मागे अनाथ नोंदी उरतात. आम्ही त्यांना खरंच 'ऑर्फन' म्हणतो. मग बॅकअप असतात, रोज रात्रीचे. मग लॉग असतात, ज्यांत तो माणूस कुठल्या दिवशी किती वाजता आला होता ते लिहिलेलं असतं. आणि आम्ही वापरतो त्या पोस्टग्रेसमध्ये तर डिलीट म्हटल्यावरही ओळ लगेच जात नाही. ती मेली आहे एवढंच ठरतं. जागा मोकळी करायला नंतर व्हॅक्युम नावाची झाडणावळ होते. तोवर ती मेलेली ओळ डिस्कवर तशीच पडून असते.

हे सगळं करताना मला एक सिनेमा आठवत होता. 'इटर्नल सनशाईन ऑफ द स्पॉटलेस माइंड'. २००४ चा, मिशेल गोंड्रीचा. तुम्ही पाहिला असेल. क्लेमेंटाईन एका क्लिनिकमध्ये जाऊन आपल्या डोक्यातून जोएलला पुसून टाकते. हे कळल्यावर जोएलही तिला पुसायला जातो. आणि पुसण्याचं काम चालू असताना, झोपेत, त्याचा विचार बदलतो. मग तो तिला लपवायला आपल्या लहानपणीच्या आठवणींत घेऊन जातो, स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली.

हा सिनेमा मला पहिल्यांदा मिळाला तो सांगलीत, सेकंड इयरला, होस्टेलच्या लॅनवर. त्या काळी आमच्याकडे डीसी++ चालायचं. कॉलेजच्या नेटला शिव्या घालत सगळी पोरं एकमेकांच्या हार्ड डिस्कवर जगायची. एका आयडीकडे सिनेमांचा मोठा साठा होता. बाकीच्यांकडे तेच तेच ॲव्हेंजर्स, या आयडीकडे इराणी, कोरियन, काय वाटेल ते. मी मेसेज टाकला, "भावा, सबटायटल मागे पडतायत, दुसरी फाईल आहे का?" उत्तर आलं, "व्हीएलसीमध्ये जी आणि एच दाबून जुळवून घे. आणि भावा नाही."

ती इलेक्ट्रॉनिक्सला होती. सोलापूर जिल्ह्यातली. पुढची साडेचार वर्षं आम्ही बरोबर होतो. एवढ्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, आणि नाहीही. संध्याकाळी आयर्विन पुलावर जायचं, खाली कृष्णा बघायची, एका पुडीतलं भडंग दोघांत संपवायचं आणि काल पाहिलेल्या सिनेमावर भांडायचं. मला शेवट गोड लागायचा. तिला तसले शेवट फसवणूक वाटायचे. जोएल-क्लेमेंटाईनबद्दल मी म्हणालो होतो, "बघ, पुसूनही परत भेटले." ती म्हणाली, "परत तेच होणार आहे हे माहीत असूनही भेटले. तू अर्धंच ऐकलंस."

२०१६ च्या एप्रिलच्या शेवटी 'सैराट' आला. सबमिशन टाकून आम्ही दहा-बाराजण गेलो. त्या दिवसांत थिएटरात काय व्हायचं ते वेगळं सांगायला नको. झिंगाटला अख्खं थिएटर उभं होतं, आमचा रूममेट खुर्चीवर चढला होता. आणि शेवटी ते लहान मूल दारातून बाहेर आलं तेव्हा शंभरेक शिट्ट्यांचा कुठे मागमूसही राहिला नव्हता. बाहेर पडताना कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघं पुलावरून चालत होतो. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "सगळे आर्ची-परश्या करतायत. आपल्यात आर्ची कोण आहे माहितीय का? तू."

मी हसलो. म्हणालो, "मला बुलेट येत नाही."

ती हसली नाही. "तुझ्या घरी माहितीय मी कोण आहे ते?"

"अगं, आमच्या घरी तसलं काही नाही."

"मग सांग ना."

"प्लेसमेंट होऊ दे. मग सांगतो."

हे 'आमच्या घरी तसलं काही नाही' मी खोटं बोललो नव्हतो. तेव्हा मला ते खरंच वाटायचं. साताऱ्यातल्या आमच्या घरात जातीचा विषय कधी निघाला नाही. वर्तमानपत्रात काही आलं तर बाबा 'काय माणसं असतात' म्हणून पान उलटायचे. विषय निघायची गरज का पडली नाही हे मला खूप उशिरा दिसलं. घरी जेवायला येणारे, लग्नाला बोलवले जाणारे, भाड्याने खोली घेणारे सगळे आपलेच असायचे. चाळणी आधीच लागलेली असायची. आत आलेल्यांशी आम्ही फार चांगलं वागायचो.

२०१८ ला दोघांनाही पुण्यात नोकऱ्या लागल्या. मला हिंजवडीत, तिला खराडीत. ज्यांना पुणं माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. हिंजवडी फेज तीनमधून बाहेर पडून वाकडचा पूल गाठेपर्यंतच माणसाचं प्रेम आटतं. माझे क्लायंटचे कॉल संध्याकाळी, तिचे सकाळी. शनिवारी मध्यावर म्हणून डेक्कनला भेटायचो, गुडलकमध्ये बन-मस्का, आणि दोघंही इतके दमलेले की चहा निवेपर्यंत फोनच बघत बसायचो. २०१९ च्या डिसेंबरात आमचं संपलं. तीन महिन्यांनी लॉकडाऊन लागला आणि सगळ्यांचंच सगळं थांबलं, त्यात आमचंही जिरून गेलं.

माझ्या ब्रेकअपची गोष्ट मी पाच वर्षं अशीच सांगत आलोय : "हिंजवडी-खराडी म्हणजे लाँग डिस्टन्सच की राव." ऑफिसच्या पार्टीत हे वाक्य हमखास चालतं. टीममध्ये नवीन पोरं आली की कुणीतरी मला ते सांगायला लावतं. सगळे हसतात, कारण सगळ्यांच्याच आयुष्यातलं काही ना काही त्या पुलाने खाल्लेलं असतं. मीही हसतो.

तर मागच्या आठवड्यात मी आमचं डिलीटचं काम तपासत होतो. खरा माणूस किती पसरलेला असतो त्याचा अंदाज यावा म्हणून मी माझीच एक जुनी अकाउंट घेतली आणि कंपनीकडून माझा सगळा डेटा मागवला. दोन दिवसांनी लिंक आली. झिप फाईल. आत फोटो, लोकेशन आणि २०१६ ते २०१९ चं सगळं चॅट. मला ते वाचायचं नव्हतं. म्हणजे वाचायचं होतं, पण आमच्या धंद्यात माणूस वाचत नाही, सर्च करतो. मी सर्चमध्ये 'घरी' टाकलं.

'घरी पोचलास का', 'घरी जाणारेस का दिवाळीला' हे सोडून दिलं. 'घरी सांगितलंस का' हे किंवा याच अर्थाचं काहीतरी तिने तेवीस वेळा विचारलं होतं. साडेतीन वर्षांत तेवीस वेळा. त्याखाली माझी उत्तरं होती. प्लेसमेंट होऊ दे. ट्रेनिंग संपू दे. या वीकेंडला नक्की. ताईचं लग्न होऊ दे, त्याआधी विषय नको. बाबांचं बीपी वाढलंय. दिवाळीत कसं सांगणार. एकदाही 'मला भीती वाटते' असं नाही. तेवढं जरी लिहिलं असतं तरी ती थांबली असती असं मला वाटतं. कदाचित हेही मी आत्ता माझ्या सोयीने म्हणत असेन.

ट्रॅफिकचा उल्लेख मी मुद्दाम शोधला. होता, भरपूर होता, पण भांडण त्यावरून एकदाही नव्हतं. खराडीहून तीच बस बदलून यायची. शेवटच्या महिन्यात तिने लिहिलं होतं, "आर्चीने घर तरी सोडलं. तुला फक्त फोन करायचाय." मी त्यावर मीटिंगमध्ये असल्याचं कळवलं होतं. आणि चॅटच्या अगदी तळाशी तिचं "ठीक आहे." एवढंच. त्या 'ठीक आहे'ला मी अंगठा पाठवला होता.

हा अंगठा मला आठवत नव्हता. शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यात शेवट असा होता की आम्ही दोघांनी समजुतीने, डेक्कनला बसून, ठरवून थांबवलं. तसं भेटणं झालंच नव्हतं.

त्या रात्री फ्लॅटवर येऊन मी 'इटर्नल सनशाईन' पुन्हा पाहिला. होस्टेलमध्ये आम्हाला त्यातलं पुसण्याचं यंत्र भारी वाटलं होतं. या वेळी मी थांबलो कॅसेटच्या प्रसंगापाशी. पुसण्याआधी क्लिनिक प्रत्येकाकडून टेप करून घेतं, की या माणसाला का विसरायचंय. शेवटी तिथली एक मुलगी त्या टेप ज्याच्या त्याला पोस्टाने पाठवून देते. दोघं नव्याने भेटलेत, ओळख नाही, आणि जोएलच्याच आवाजात क्लेमेंटाईनबद्दलचं ते सगळं घाण बोलणं खोलीत वाजतंय. तो ओशाळून उभा आहे. हे आपण बोललो हे त्याला आठवत नाही, पण आवाज आपलाच आहे हे नाकारता येत नाही. मी अर्धंच ऐकलं होतं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

तिला मेसेज करावा असं मनात आलं. टाईप केलंही. मग विचार केला, यातून तिला काय मिळणार? माफी मागायला जाणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी मागणं. चोविसाव्यांदा उत्तर द्यायचंच असेल तर ते तिला द्यायचं नव्हतंच, ते ज्या ठिकाणी द्यायचं होतं तिथे द्यायला हवं होतं.

रविवारी आईचा फोन आला. सध्या माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. तिने केलेला बायोडेटा मामेभावापासून मंडळाच्या ग्रुपपर्यंत फिरतोय. वर गणपती, खाली माझं पॅकेज, मध्ये जात आणि पोटजात. ती एका मुलीबद्दल सांगत होती. मी म्हणालो, "आई, एक मिनिट. कॉलेजात असताना एक मुलगी होती." मग सगळं सांगितलं. नाव, गाव, जात, तेवीस वेळा. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" आई म्हणाली.

मी विचारलं, "सांगितलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

बऱ्याच वेळाने म्हणाली, "नसते म्हणाले बहुतेक. रडले असते. पण तू सांगायचंस की रे." आणि फोन ठेवताना, आवाज खाली आणून, "बाबांना आत्ता काही बोलू नकोस. त्यांचं बीपी…"

मला हसूच आलं. आईला का ते कळलं नाही.

मी तिला बायोडेटातून ते दोन रकाने काढायला सांगितलं आहे. ती म्हणते, मग विचारणार कोण? नवीन फाईल मी करून पाठवली, ती तिने अजून कुणाला पाठवलेली नाही. जुनी किती फोनांत गेली असेल कुणास ठाऊक. बाबांना पुढच्या शनिवारी साताऱ्याला जाऊन सांगणार आहे. बसचं तिकीट काढलंय. हे इथे लिहून ठेवतोय, म्हणजे नंतर मला वेगळं काही आठवायला नको.