बुक्का, लेझीम आणि फौजदार

कुत्रं माणसाला जीव लावतं आणि मांजर घराला, असं माझी आई म्हणायची. रसायनीच्या एच.ओ.सी. वसाहतीत याचा पडताळा दर काही महिन्यांनी यायचा. कुणाची बदली व्हायची, कुणी निवृत्त होऊन गावी निघायचं. सकाळी ट्रक लागायचा. गाद्यांच्या वळकट्या, कपाट, अगदी तुळशीची कुंडीसुद्धा वर चढायची आणि मांजर पायरीवर बसून राहायचं. नव्या बिऱ्हाडाला ते आयतंच मिळायचं. आईचं म्हणणं मला तेव्हाही पुरतं पटत नसे. मांजर घरासाठी थांबलं, की त्याला कुणी बरोबर घेतलंच नाही?

हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० सालची. तिचा कारखाना पाताळगंगेच्या काठी उभा राहिला. खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून १९१५ पासून या नदीत पाणी सुटतं, म्हणून भर मे महिन्यातही तिला धार असते. आमच्या भागातल्या कारखानदारीला ते पाणी मोठा आधार झालं. बाबा अ‍ॅनिलिनच्या प्लँटवर होते. आम्ही भावंडं भोंग्याच्या वेळांवर वाढलो आणि वसाहतीतली मांजरंही. पहिली पाळी सुटायच्या सुमारास ती बरोबर मागच्या दारांशी हजर असत.

आई कधी ‘आमचं मांजर’ म्हणाली नाही. मागच्या दारी जर्मनची एक पसरट थाळी असे. तिच्यात माशाचं पाणी घातलेला भात पडे, आणि जे येईल ते खाई. म्हावरंवाली मावशी पाटी घेऊन आली की बांगडे साफ करून झाल्यावर डोकी वेगळ्या कागदात बांधायची आणि म्हणायची, “ताय, ही तुज्या पोरांची.” त्याचे पैसे तिने कधी लावले नाहीत. एखादी मनी व्यायली की तिची पिल्लं सात घरं फिरून आमच्या कोळशाच्या पोत्यामागे यायची. त्यातली पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची, ठिपक्यांची पिल्लं शेजारची मुलं उचलून न्यायची. काळं मात्र राहायचं. आमच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका एरवी मोठे मायाळू गृहस्थ, पण काळं मांजर आडवं गेलं की बस थांबवत आणि पुढे दुसरी गाडी जाईपर्यंत हलवत नसत. खिडकीतून मी बघायची. ते काळं पिल्लू एव्हाना गटार ओलांडून कुठल्या कुठे गेलेलं असायचं.

लग्न होऊन मी पनवेलला आले. यजमानांना दमा आहे, त्यामुळे घरात मांजर नको हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि ते बरोबरच होतं. मांजरं माझ्यापुरती माहेरी राहिली. निवृत्तीनंतर आईबाबांनी मोहोपाड्याला फ्लॅट घेतला, तरी आई संध्याकाळी रिक्षाने वसाहतीत जाऊन थाळी भरून यायची.

१७ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे प्लँट बंद करण्याचा निर्णय घेतला. वगळला तो फक्त नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा, कारण ते इस्रोच्या रॉकेटांना लागतं. तो इस्रोकडे द्यायचं ठरलं. त्या प्लँटचा आम्हा सगळ्यांना अभिमान होता, अजून आहे. पुढे क्वार्टर्स एकेक करून रिकामी होत गेली, पण या वेळी नवं बिऱ्हाड येणार नव्हतं. दारांना कुलपं लागली, पायऱ्यांवर गवत चढलं आणि मांजरं तिथेच. जिच्या घरात भात शिजतो तिच्याकडे जायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि आता कुठेच भात शिजत नव्हता.

जनावराला उपाशी मरायला सोडून देणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही १९६० चाच. पहिल्या गुन्ह्याला त्यात दहा ते पन्नास रुपये दंड आहे. मी मात्र जाणाऱ्यांना दोष देऊ शकत नाही. चाळीस वर्षांचा संसार तीन खोल्यांत कोंबून माणसं डोंबिवली-बदलापूरला गेली, कुणी मुलाच्या घरी पाहुण्यासारखी. मांजराचा विचार करायला मन शिल्लक लागतं.

त्या दिवसांत पिंजरे घेऊन येणारी काही मंडळी मला वसाहतीत भेटली. मांजर धरायचं, नसबंदी करून आणायचं, खूण म्हणून कानाचं टोक किंचित कापलेलं असायचं, आणि परत तिथेच सोडायचं. जी आजारी, आंधळी, मोडलेली, ती मात्र परत यायची नाहीत. ती कुठे जातात हे विचारत मी त्यांच्या निवाऱ्यापर्यंत पोचले.

निवारा कर्जतच्या बाजूला, भातशेतांना लागून आहे. नाव-पत्ता मी लिहीत नाही, कारण त्यांनीच तसं सांगितलंय. पत्ता छापून आला की फाटकाशी खोकी येतात. चिकटपट्टी लावलेलं खोकं, वर दोन भोकं, आत चार पिल्लं. कधी पहाटेच्या पावसात भिजून लगदा झालेलं. पगारी माणूस एकही नाही. पनवेलच्या एका रुग्णालयातल्या सिस्टर रजेच्या दिवशी येतात, खोपोलीच्या कॉलेजातल्या दोन मुली, ज्यांची जागा आहे ते वयस्क जोडपं, आणि पाताळगंगा एमआयडीसीत काम करणारा मोहोपाड्याचा एक मुलगा. तो पहिली पाळी करून थेट येतो, अंगावर कंपनीचा शर्ट तसाच. विकतची वाळू परवडत नाही म्हणून वखारीतला लाकडाचा भुसा ट्रेमध्ये घालतात. पावसाळ्यात भुसा दमट राहतो, तेव्हा रद्दी.

पिल्लांना घरं मिळतात. चपट्या तोंडाचं, झुबकेदार पर्शियन कुणी टाकलेलं सापडलं तर त्याला दिवसभरात दहा फोन येतात. मग उरतात ती उरतात. तिथल्या भिंतीवर एक यादी आहे आणि तिच्यातली नावं क्वचितच खोडली जातात: म्हातारी, एका डोळ्याची, काळी, चावणारी. काहींच्या पिंजऱ्यावर लाल पट्टी असते, म्हणजे रक्तात ल्युकेमियाचा विषाणू आहे. ग्लासगोच्या विल्यम जॅरेट यांनी १९६४ मध्ये तो शोधला. मांजराच्या लाळेतून तो दुसऱ्या मांजराकडे जातो, एका ताटात जेवण्यातून, एकमेकांना चाटण्यातून. माणसाला तो होत नाही. तरी पट्टी पाहिली की मांजर बघायला आलेली माणसं दोन पावलं मागे सरतात.

या यादीतल्या मांजराचं पालकत्व घेता येतं. महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, मांजर तिथेच राहतं. मी आठशे रुपयांपासून सुरुवात केली आणि बुक्काला घेतलं. बुक्का काळी कुळकुळीत, म्हातारी, मूत्रपिंडं थकलेली. दिवसाआड तिला कातडीखाली सलाइन लागायचं. पंढरपूरला जाऊन आलेल्या एका आजींनी तिचं नाव ठेवलं होतं. ज्या रंगामुळे ती दारोदार नाकारली गेली, त्याच रंगाचा विठोबाचा बुक्का त्या आजी रोज कपाळाला लावत.

नंतर लेझीम आली. मांजरी गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनियाची लागण झाली तर पोटातल्या पिल्लांचा लहान मेंदू वाढत नाही. अशी पिल्लं जन्मभर डुलत, झोकांड्या खात चालतात. त्यांना दुखत काही नाही आणि आयुष्यही इतरांइतकंच असतं. लेझीम ताटलीकडे निघते, एक पाय पुढे पडतो, अंग उजवीकडे जातं, ती सावरते, डोकं थरथरतं, पुन्हा एक पाऊल. ती बसलेली असताना तिला पसंत करून गेलेले लोक ती चालायला लागली की नको म्हणतात.

फौजदाराबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. जुन्या हायवेवर गाडीखाली आलेला हा बोका. मणका मोडला, मागचे पाय गेले आणि लघवीची जाणीवही गेली. अशा मांजराचं मूत्राशय दिवसातून तीन वेळा हाताने दाबून रिकामं करावं लागतं, नाहीतर विष अंगात भिनून ते मरतं. मोहोपाड्याचा मुलगा हे काम करतो. तो फौजदाराला टेबलावर घेतो, डावा हात छातीखाली, आणि उजव्या हाताची बोटं पोटाच्या दोन बाजूंनी हळूहळू सरकवत नेतो. “सापडलं,” म्हणतो. लिंबाएवढं काहीतरी त्याच्या बोटांत आलेलं असतं. मग सावकाश दाब. जोर जास्त झाला तर ते फुटेल, कमी झाला तर निम्मं आत राहील. धार लागते, तो रंग बघतो, वास घेतो. गढूळ असेल तर डॉक्टरांना फोन. मग कोमट पाण्याने पुसून बेबी पावडर. एवढं सगळं होईपर्यंत फौजदार त्याच्या शर्टावरची कंपनीची खूण चाटत असतो. मी एकदा करून पाहते म्हटलं, तर तो म्हणाला, “काकू, घाई नको, आधी नुसतं हात ठेवून समजून घ्या.” त्याला हे शिकायला बरेच महिने गेले होते.

माझे आठशे रुपये अर्थातच बुक्काच्याच ताटात पडत नसत. भुसा, जंतुनाशक, सलाइनच्या बाटल्या, विजेचं बिल, सगळं एकाच डब्यातून. काही जणांना हे खटकतं, आमच्या मांजराचे पैसे आमच्या मांजरालाच मिळाले पाहिजेत असा त्यांचा आग्रह असतो. मला उलट तेच बरं वाटतं. ज्याच्यासाठी कुणीही उभं राहिलं नाही, त्याच्याही पोटात बुक्काच्या नावाचे दोन घास जातात. आईच्या थाळीवर तरी कुठे नाव होतं?

ही रीत काही परदेशातून आलेली नाही. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईतली बेवारशी कुत्री मारायला काढली तेव्हा शहरात दंगल झाली, पारशी त्यात पुढे होते. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढला. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून पट्टी बसवून घेतली आणि त्यातून तो चालला. दूध न देणारी, ओझं न ओढणारी जनावरं, जी पुन्हा कुणाच्या गोठ्यात जाणार नव्हती, त्यांच्यासाठी तो खर्च होता. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ सालचं. लंडनच्या बॅटरसीतल्या कुत्र्यांच्या आश्रयगृहाने मांजरांना दार उघडलं तेही त्याच वर्षी. आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाघ-बिबट्याचा वर्षाचा खर्च उचलता येतो आणि त्या यादीत वाघाटीही आहे, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. कुणी पट्टी म्हणो, कुणी दत्तक योजना म्हणो, ज्याचा आपल्याला काही उपयोग नाही त्याचं जगणं आपल्या हिशेबाच्या वहीत लिहून घ्यायचं, एवढीच ती गोष्ट आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या आठवड्यात एका नातलगांनी मला स्पष्ट विचारलं, “माणसं मातीखाली गेलीत आणि तुम्ही मांजरांना पैसे पाठवता?” प्रश्न रागाचा असला तरी खोटा नव्हता. मी त्यांना इतकंच सांगितलं की निवाऱ्यातल्या दोघी-तिघी तेव्हा जवळच्या चौक गावात कपडे आणि भांडी पोचवून आल्या होत्या, आणि त्याच संध्याकाळी फौजदाराचं मूत्राशयही रिकामं केलं गेलं होतं. जी माणसं रात्री उठून एका पांगळ्या बोक्याकडे जातात, ती दरडीची बातमी ऐकून कूस बदलत नाहीत. मी इतकी वर्षं त्यांना जवळून पाहते आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते.

बुक्का गेल्या दिवाळीच्या आधी गेली. सलाइन अंगात मुरेना झालं तेव्हा डॉक्टरांनी तिला शांतपणे जाऊ द्यायचं ठरवलं. मी तिथे पोचू शकले, सिस्टर होत्या, तो मुलगा होता. चार दिवसांनी त्याचा फोन आला. “काकू, बुक्काचे पैसे आता कुणाला लावू?”

यादीतली नावं त्याने वाचून दाखवली. शेवटी एक बोका होता, ज्याच्यापुढे नावच नव्हतं. मांजराच्या पिल्लाला दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला नाही तर पुढे माणूस त्याला शत्रूच वाटतो. हा तसा. वर्षभर तो खोक्याच्या मागच्या अंगाला चिकटून बसलाय. फोटो निघत नाही म्हणून पालक मिळत नाही, आणि रक्ताच्या एका जुन्या आजारामुळे बाहेर सोडताही येत नाही. मी म्हटलं, याचे माझ्याकडे.

“मग नाव तुम्हीच ठेवा,” तो म्हणाला.

मी नको म्हटलं. ठेवायचं तर रात्री त्याच्या खोक्यापुढे ताटली सरकवणाऱ्याने ठेवावं. मुलं अजून एकमेकांत भांडताहेत. खोपोलीच्या पोरींना ‘राजे’ हवंय, मोहोपाड्याच्या मुलाला ‘बिबट्या’. तूर्त पावतीवर ‘कोपऱ्यातला बोका’ असं लिहून येतं आणि महिन्याच्या पाच तारखेला पैसे जातात.